बुट्टीची नखे

आमच्या घरात नखे रविवारी सकाळी कापतात. हा नियम माझ्या आजीने घालून दिलेला. रात्री नखे कापायची नाहीत, दिवेलागणीनंतर तर त्यांचे नावही काढायचे नाही, शनिवार वर्ज्य, आणि कापलेली नखे घरात सांडली तर भांडणे होतात, अशी तिच्या कायद्याची बरीच कलमे होती. त्यांतली बहुतेक काळाच्या ओघात गळून गेली; रविवार तेवढा राहिला. गॅलरीत जुन्या वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, आणि त्यावर आधी माझी, मग आईची आणि सर्वांत शेवटी बुट्टीची नखे पडायची. बुट्टी हे आमच्या मांजरीचे नाव. मांजराची नखे कापणारा गृहस्थ अशी सात रस्त्यावर माझी ख्याती झाली आहे, हे मला ठाऊक आहे. दूधवाला तर जिन्यावरूनच विचारतो, "काय साहेब, आज दुकान उघडं का?" विचारू दे बापड्याला. ह्या नखांपायी २०२५ साली आमच्या घरात जे रामायण घडले, त्याची त्याला काय कल्पना!

सात रस्ता हे सोलापुरातले नामांकित ठिकाण. परगावचा पाहुणा आला की तो हटकून चौकात उभा राहून रस्ते मोजतो. कधी सहा भरतात, कधी आठ. कुठल्या बोळाला रस्त्याचा मान द्यायचा ह्यावर ते अवलंबून असते. त्यांपैकी नेमक्या कुठल्या रस्त्याने ही मांजर आमच्याकडे आली, ते कोणालाच सांगता येणार नाही. २०१२ सालच्या पावसाळ्यात आमच्या भाजीवाल्या मावशींनी दारात आपली बुट्टी उतरवली. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे, की आमच्याकडे टोपलीला बुट्टी म्हणतात.) मेथीच्या जुड्या बाजूला केल्या तर तळाशी हे ध्यान! पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे डाग, जणू कोणी शेंगाचटणी सांडली आहे. "अगं बया, हे कुठनं चढलं?" असे म्हणून मावशींनी तिला मानगूट धरून बाहेर काढले, आणि बुट्टी उचलून त्या चालत्या झाल्या. ती मात्र राहिली. भाजीचे पैसे घ्यायलाही मावशी विसरल्या असे सौ. म्हणते, माझ्या मते त्या मुद्दामच विसरल्या.

पहिली दहा-बारा वर्षे बुट्टीच्या नखांचा प्रश्न हा केवळ कापडाचा प्रश्न होता. पण सोलापुरात राहून कापडाचा प्रश्न क्षुल्लक म्हणता येत नाही. आमच्याकडे लग्नामुंजीत चादरी येतात, बारशाला टॉवेल येतात, सत्काराला पुन्हा चादर येते. माणूस मोठा होत जातो तसतसा त्याच्या कपाटातला चादरींचा थर उंच होत जातो. त्या थरावर बुट्टी चढायची आणि पुढचे दोन्ही पाय लांब करून, डोळे मिटून, एखाद्या तबलजीने हात साफ करावा तशी नखे मारत बसायची. चादरी जाड असतात, त्यांनी हा मारा सोसला. हाल झाले टॉवेलांचे.

ह्याचे कारण मला एका विणकराने समजावून दिले. ते पूर्वभागातले. उभे आयुष्य मागावर गेले, आता मुलगा यंत्रमाग चालवतो आणि हे सणावाराला ओळखीच्या घरी माल घेऊन येतात. आईला ते 'अक्का' म्हणतात, म्हणून ते आमचे मामा. त्यांच्या घरची भाषा तेलुगू आणि मराठी बाजारची. पण त्या मराठीत ते जे सांगतात ते शाळेत कोणी सांगितले नव्हते. मामा म्हणाले, "साध्या कापडाला ताणा एक. टर्किश टॉवेलला दोन ताणे. एक घट्ट ओढलेला, एक सैल सोडलेला. सैल ताण्याचे फासे होऊन वर येतात, ते पाणी पितात. तुमच्या मांजराचं नख त्या फाशात जातंय, आणि एकदा अडकलं की तिला वाटतंय टॉवेलनंच तिला धरलं. मग ती ओढणारच की!" म्हणजे सौ.च्या मते जो दुष्टपणा होता, तो मामांच्या मते दोन ताण्यांचा दोष होता.

सौ.ला हे पटले नाही. तिने आरडाओरडा केला, वर्तमानपत्राची सुरळी केली, इस्त्रीचे पाणी शिंपडायच्या बाटलीने फवारे मारले. बुट्टीने ह्यातून एवढाच बोध घेतला, की ही बाई घरात असताना ओरबाडायचे नसते. सौ. भाजीला गेली की बैठकीच्या खोलीतून सोफ्याच्या कापडाचा टरटर आवाज सुरू व्हायचा. आई आपल्या खोलीतून म्हणायची, "करू दे गं तिला. सून बाहेर गेल्यावर आम्हीही पाय पसरून बसतोच की." सौ.पर्यंत हे वाक्य मी कधी पोचू दिले नाही. आता छापून येते आहे, तेव्हा पुढचे परमेश्वर पाहून घेईल.

मग संक्रांत आली. आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला गावात गड्डा म्हणतात. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापली, नंदीध्वज त्यांच्या दर्शनाला निघतात, अक्षता पडतात, होम होतो आणि मग होम मैदानावर शोभेचे दारूकाम. लहानपणी ते बघायला मी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो आहे. आता आम्ही गॅलरीतूनच आकाश बघतो. २०२५च्या जानेवारीतल्या त्या रात्री आई खुर्चीत शाल घेऊन बसली होती, मांडीवर बुट्टी. पहिले दोन-तीन बार दूरचे होते. चौथा कोणीतरी आमच्याच गल्लीत लावला.

बुट्टी उडी मारून गेली तेव्हा आईच्या डाव्या हातावर तीन रेघा उठल्या होत्या. आईचे वय त्र्याऐंशी. हृदयासाठी तिला रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, आणि हाताची कातडी तर पापुद्र्यासारखी झालेली. एखाद्या मुलाला असा ओरखडा उठला असता तर त्याने तो शाळेत मिरवला असता. इथे रक्त थांबेना. साबण लावून नळाखाली चांगली पंधरा मिनिटे हात धुतला, मग दाबून धरला. हाताला आला तो टॉवेल पूर्ण भिजला. सौ. एका हाताने टॉवेल दाबत होती आणि दुसऱ्याने आईची पाठ चोळत होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

रात्रीच दवाखान्यात नेले. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, आणि मांजराने रक्त काढले म्हणून रेबीजचीही सुई सुरू झाली. रेबीज फक्त कुत्र्याने होतो अशी माझी समजूत होती. ती त्या रात्री गेली. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, ताप आला, आईला चार दिवस ठेवून घ्यावे लागले. घरी सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे वय, ही गोळी. पुन्हा असं झालेलं परवडायचं नाही. मांजराचं काय ते बघा." ते शांतपणे बोलले, आणि बरोबर बोलले.

'मांजराचं काय ते बघा' ह्या शब्दांचा अर्थ मराठी घरात कोणाला फोडून सांगावा लागत नाही. मांजर मारायची नसते. मारली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते. पण मांजर 'सोडायला' काही हरकत नसते. त्यासाठी एक पोते लागते, एक वाहन लागते आणि परत वाट सापडणार नाही इतके अंतर लागते. त्या संध्याकाळीच मेहुणे आले. म्हणाले, "पोतं काढून ठेवा. उद्या मार्केट यार्डाकडे जातोच आहे, तिथं सोडतो. गोदामं आहेत, उंदीर आहेत, मजेत राहील." सौ. काही बोलली नाही, पण माळ्यावरून गव्हाचे रिकामे पोते तिने खाली काढले. तिला दोष द्यावा असे मला वाटत नाही. टॉवेल दाबून धरणारा हात तिचा होता.

ते पोते बघून मी मात्र पन्नासाहून अधिक वर्षे मागे गेलो.

१९७२ सालचा दुष्काळ ज्यांनी सोलापूर जिल्ह्यात पाहिला, त्यांना तो वर्णन करून सांगायला नको. रेशनवर लाल मिलो मिळायचा, खेड्यांतली माणसे खडी फोडायला जायची. आमच्या घरी दूध यायचे ते पावशेर, आणि तेही पाळण्यातल्या धाकट्या बहिणीसाठी. घरात एक बोका होता. एक दिवस त्याने ते दूध सांडले, आणि हाकलायला गेलेल्या आईला ओरबाडले. असे दोन-तीनदा झाले. वडिलांनी काही न बोलता पोते काढले. मी दहा वर्षांचा. मला सायकलच्या मागे बसवले आणि पोते माझ्या मांडीवर दिले. विजापूर रस्त्याने आम्ही गेलो, घरे संपून माळ लागेपर्यंत. पोते आधी हलत होते, ओरडत होते. मग ते गप्प झाले. गोणपाटाच्या विणीतून एक नख बाहेर आले आणि माझ्या चड्डीत अडकले. मी ते सोडवले नाही. उतरताना ते आपोआप सुटले. वडील म्हणाले, "मागे बघू नकोस." मी बघितले. तो पोत्यातून निघून रस्त्याच्या कडेला बसला होता आणि आमच्याकडेच बघत होता. पुढे कितीतरी दिवस आई संध्याकाळी मागच्या दाराशी एक वाटी ठेवायची. त्या दिवसांत वाटीत दूध कुठले असणार? पाणीच असायचे, आणि ते तरी कुठे मुबलक होते!

मौज अशी, की त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि वाघाला सरकारचे अभय मिळाले. वाघाच्या मावशीला मात्र आम्ही त्याच साली माळावर सोडून आलो. वाघनखाचे आम्हा मराठी माणसांना किती कौतुक! पूर्वी सधन घरी मुलाच्या गळ्यात ते सोन्यात मढवून घालत. २०२४ साली शिवछत्रपतींची म्हणून ओळखली जाणारी वाघनखे लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा मीही जाऊन रांगेत उभा राहिलो. नख पोलादाचे असले की आपण त्याच्यासाठी रांगा लावतो. घरातल्या सोफ्याला लागले की पोते काढतो.

आई खाटेवरून सगळे बघत होती. पोते दाराशी ठेवलेले तिने पाहिले आणि एवढेच म्हणाली, "मागं मी गप्प बसले होते." मेहुण्यांना काही कळले नाही. मला कळले. मी पोते उचलून पुन्हा माळ्यावर टाकले, आणि प्रश्न माझ्या गळ्यात पडला.

त्या रात्री मुलीचा अमेरिकेहून फोन आला. तिला हकीकत सांगितली तर ती म्हणाली, "बाबा, इथं मांजरांची नखं कायमची काढून टाकतात. आमच्या घरमालकीणबाईंच्या मांजराची काढलेली आहेत. कितीतरी ठिकाणी त्याशिवाय भाड्यानं घरच देत नाहीत." मला ही कल्पना बरी वाटली, हे मी लपवत नाही. बरी कशाला, उत्तम वाटली. मांजर राहते, आई सुरक्षित राहते, सोफासुद्धा राहतो! एकदा भूल द्यायची, नखे काढायची, मामला संपला. रात्रभर मी ह्याच आनंदात होतो. सकाळी बुट्टीला झाकणाच्या बुट्टीत घालून (आली तशीच गेली म्हणा ना) गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या. एका शेळीला तपासून त्यांनी हात धुतले आणि माझी मागणी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "काका, जरा हात पुढे करा." मी केला. त्यांनी माझ्या तर्जनीचे शेवटचे पेर चिमटीत धरले. "नख काढणं म्हणजे हे पेर इथून छाटणं. मांजराचं नख मांसातून उगवत नाही, ह्या हाडातूनच उगवतं. हाड ठेवलं तर नख परत येतं, म्हणून हाडच कापावं लागतं. पुढच्या दोन पायांची दहा पेरं." माझे बोट त्यांनी सोडले तरी मी ते बराच वेळ दुसऱ्या हातात धरून बसलो होतो.

मांजर टाच टेकून चालत नाही, बोटांवर चालते. तेव्हा बोटांची पेरे गेली की तिचे चालणेच बदलते. कित्येकींना जन्मभर दुखत राहते. मातीत पाय घालवत नाही म्हणून त्या मातीचा डबा सोडून भलतीकडे घाण करू लागतात, आणि नखे नाहीत म्हणून दातांचा आश्रय करतात. "आणि आजींच्या हाताला," बाई म्हणाल्या, "दात हे नखांपेक्षा वाईट." युरोपातल्या देशांनी १९८७ साली केलेल्या करारातच ही शस्त्रक्रिया निषिद्ध ठरली. खुद्द अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली तिच्यावर बंदी घातली. म्हणजे मुलीने सांगितलेली सोय त्या देशातही आता सगळीकडे सोय राहिलेली नाही. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत चिकाटीने विषय लावून धरला आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमात जनावराचे अंग तोडणे गुन्हा आहे, आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी त्याला सोडून येणे हाही गुन्हाच आहे. हे दुसरे ऐकून मी जरा खाली बघितले. पहिल्या खेपेचा दंड तेव्हा ठरला होता पन्नास रुपयांपर्यंत. वडिलांना तो भरता आला असता. बहुतेक त्यांनी तो भरला असता आणि पोते तरीही नेले असते.

मग बाईंनी बुट्टीचा पंजा हातात घेतला. वरून अंगठ्याने आणि खालून बोटाने अलगद दाबला, तशी नखे म्यानातून निघाल्यासारखी बाहेर आली. "मांजर स्वस्थ असते तेव्हा नख आतच असतं," त्या म्हणाल्या. "आत ठेवायला तिला काही करावं लागत नाही, बाहेर काढायला मात्र जोर लावावा लागतो." आई म्हणत होती ते हेच. दवाखान्यात सौ.ने जेव्हा विचारले, की इतका जीव लावूनही ही तुमच्यावर कशी उलटली, तेव्हा आई म्हणाली होती, "तेरा वर्षं मांडीवर झोपली, तेव्हा नखं कुठं होती? त्या बाराला भ्याली ती, मला नव्हे."

आणि मग बाईंनी मला एक गोष्ट दाखवली, जी मला घरातच दिसायला हवी होती. पुढच्या उजव्या पायाचे एक नख वाढून, वळून, तळव्याच्या गादीत शिरले होते. त्या जागी चिघळले होते. म्हाताऱ्या मांजरांचे सांधे धरतात, त्यांचे ओरबाडणे कमी होते, नखांवरची जुनी टरफले गळत नाहीत आणि नखे जाड होऊन आकड्यासारखी वळतात. गेले काही महिने सोफ्याचा आवाज कमी झाला होता. सौ. समजत होती की मांजर सुधारली. ती सुधारली नव्हती, थकली होती. आईला लागलेल्या तीन रेघा एवढ्या खोल गेल्या त्या ह्याच आकड्यांनी. आणि ती स्वतः किती दिवस ते नख तळव्यात घेऊन चालत होती देव जाणे.

बाईंनी ते नख कापून जखम धुतली, पिसवांचे औषध दिले (नखात पिसवांची घाण असली की ओरखडा जास्त चिघळतो), बुट्टीला रेबीजची लस टोचली आणि मला नख कापायचा धडा दिला. नख उजेडाकडे धरले की आत गुलाबी रेघ दिसते. तिच्या अलीकडे, फक्त अणकुचीदार टोक उडवायचे. गुलाबीला लागले की रक्त येते आणि जनावर पुन्हा पाय देत नाही. घरी येऊन हे आईला सांगितले तर ती म्हणाली, "जिव्हाळी म्हण की. नखाची जिव्हाळी. तुझी नखं काय मी तशीच कापत होते?" मराठी शब्द आईजवळ होता आणि मी तो गुरांच्या दवाखान्यात शोधत होतो.

पहिल्या रविवारी एक नख कापून झाले. एकच. उरलेल्या वेळात बुट्टी कपाटावर होती आणि मी स्टुलावर. दुसऱ्या रविवारी तीन. मग युक्ती सापडली ती सोलापुरी चादरीची. आईच्या मांडीवर जुनी चादर पसरायची, बुट्टीला तिच्यात बाळंतिणीच्या बाळासारखी गुंडाळायची आणि एकेक पाय बाहेर काढायचा. आईच्या हातांना मात्र सौ.ने स्वतःचे जुने लोकरी मोजे घातले, थेट कोपरापर्यंत. पुढची दहा, मागची आठ. आम्ही मागची सहसा सोडून देतो. दर दोन-तीन आठवड्यांनी पुढची कापली की पुरते.

मुलीने आपली चूक भरून काढायला एक पाकीट पाठवले. त्यात नखांवर चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या इवल्या टोप्या होत्या, रंगाने गुलाबी. नख वाढले की महिना-दीड महिन्यात आपोआप गळतात म्हणे. आम्ही दोघांनी घाम गाळून दहाही बसवल्या. आई हसून हसून बेजार झाली. "ही आता नाटकात काम करणार" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बुट्टीने चार चावून काढल्या, एक माझ्या चपलेत सापडली. तरुण मांजरांना त्या चालत असतील. आमची बाई जुन्या वळणाची.

खरा तोडगा निघाला तो मामांच्या हातून. आईच्या हाताची चौकशी करायला ते आले, सगळे ऐकले, आणि पुढच्या खेपेला रिक्षात घालून एक लाकूड घेऊन आले. मोडीत काढलेल्या जुन्या हातमागाचा खांब, सागवानी, माझ्या छातीइतका उंच. मी आधी बाजारातून दोन वितींचा एक खुंट आणला होता. बुट्टीने त्याला एकदा पंजा लावला, तो कलंडला आणि तिने त्याच्याकडे जन्माची पाठ फिरवली. मामांनी कारण सांगितले नाही, पण खांब भिंतीला दोन पट्ट्यांनी आवळून टाकला. मांजराला अंग पूर्ण ताणून ओढता आले पाहिजे, आणि ओढलेली वस्तू हलता कामा नये; मग तिला ताणाही लागत नाही आणि टॉवेलही. वरचा भाग त्यांनी काथ्याच्या दोरीने घट्ट गुंडाळला. खालच्या भागाला काय गुंडाळावे म्हणून विचार चालला होता, तोच सौ. माळ्यावर चढली आणि तेच गव्हाचे पोते घेऊन खाली आली. कात्रीने तिने ते स्वतः उभे कापले.

खांब ठेवायचा कुठे ह्यावर मात्र वाद झाला. सौ.ला तो मागच्या गॅलरीत हवा होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, की मांजर ओरबाडते ती केवळ नखांची टरफले काढायला नव्हे. तिच्या पंजात गंधाच्या ग्रंथी असतात, ओरबाडून ती 'इथे मी राहते' अशी पाटी लावते. पाटी कोणी मागच्या गॅलरीत लावत नाही. तेव्हा खांब बैठकीत, सोफ्याला लागून उभा राहिला. पहिले चार दिवस बुट्टी त्याच्याकडे ढुंकून बघेना. मग मामांनी गटारीकडेचे एक तण मुळासकट उपटून आणले. त्यांच्यात त्याला कुप्पिंटा म्हणतात, आपल्यात खोकली. ते मूळ खांबाला चोळले मात्र, बुट्टीने येऊन नाक लावले, गाल घासले, लोळण घेतली, आणि मग दोन्ही पाय वर टाकून गोणपाटात नखे रोवली. टरटर आवाज झाला. सौ. स्वयंपाकघरातून सवयीने ओरडली, "ए!" आणि मग गप्प बसली.

पुढे पुढे मी ते पोते न्याहाळत बसायचो. नख विणीत शिरते, ओढ घेते आणि सुटते. सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यावर अजूनही कधीमधी घाला पडतो; तिथे आता आम्ही जाड चादर घालून ठेवतो. आईच्या हातावरच्या तीन रेघा पांढऱ्या झाल्या आहेत. नवा ओरखडा उठलेला नाही. डॉक्टर दर महिन्याला विचारतात, "मांजर?" आई म्हणते, "बरी आहे. तुमची आठवण काढते."

आता दिवाळी तोंडावर आली आहे. सात रस्त्यावर फटाक्यांची दुकाने लागली की आमची लढाईची तयारी सुरू होते. आतल्या खोलीच्या खिडक्या बंद, पडद्यांवर चादरी, रेडिओ मोठ्याने, खाटेखाली खोका; आणि चार दिवस संध्याकाळी सातनंतर बुट्टीने आईच्या मांडीवर बसायचे नाही. हे शेवटचे कलम आईला मंजूर नाही. त्यावर रोज वाटाघाटी चालल्या आहेत. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी नखे कापायची ठरली आहेत, चादर धुऊन तयार आहे, पण नखकात्री सापडत नाही. सौ. म्हणते मी घेतली, मी म्हणतो तिने फराळाच्या डब्यांत ठेवली. आई काही बोलत नाही. तिच्या उशीखाली बघायला हवे.